फाइलमध्ये नसलेला कागद

(अनसिंग येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



विषय कळवला तेव्हा आयोजकांनी फोनवर विचारलं, पत्रिकेवर नुसतं 'आरोग्यविषयक व्याख्यान' छापलं तर चालेल का. मी नाही म्हटलं. 'मूल होण्यात पुरुषाचा वाटा' असंच छापा, असा आग्रह धरला. तो आयोजकांनी मानला याबद्दल त्यांचे आभार. समोर एवढे पुरुष बसलेले दिसताहेत, त्यात तरुण पोरंही आहेत, हे पाहून मला फार बरं वाटलं.

या विषयासाठी अनसिंगहून योग्य गाव मला सुचत नाही. शृंगऋषींचं देऊळ तुमच्या गावात आहे. रामायणाच्या बालकांडात, अयोध्येच्या राजाला मूल नव्हतं तेव्हा यज्ञासाठी ज्यांना बोलावलं तेच हे ऋषी. ती कथा मी डॉक्टरच्या नजरेनं वाचते तेव्हा एक गोष्ट ठळक दिसते. राण्या तीन आणि मूल तिघींनाही नाही. तिघींचा नवरा मात्र एकच. वाल्मीकींनी कुणावर ठपका ठेवलेला नाही. पण संतान नाही ही काळजी त्यांनी राजाची म्हणून सांगितली आहे. मंत्र्यांपुढे, गुरूंपुढे राजा स्वतःच्या तोंडानं ती बोलतो. यज्ञाला यजमान म्हणून स्वतः बसतो. कौसल्येला कुणी वांझ म्हणत नाही, तिला माहेरी पाठवत नाही.

आता आजच्या वऱ्हाडातल्या एका दवाखान्यात या.

बाई आत येते, सोबत सासू. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली जाड फाइल. मी ती उघडते. थायरॉइडचा रिपोर्ट, साखरेचा रिपोर्ट. सोनोग्राफ्या तर इतक्या की कागद पिवळे पडून एकमेकांना चिकटलेत. नळ्या उघड्या आहेत का ते बघायला काढलेला एक्स-रे, आणि तो काढताना किती दुखतं ते इथल्या बायकांना विचारा. मग क्युरेटिंग. मग दुर्बिणीतून तपासणी, तीही दोनदा, दोन वेगवेगळ्या गावांत. प्रत्येक वेळी भूल, प्रत्येक वेळी बुडालेली मजुरी, आणि एकदा तर त्यासाठी विकलेली गाय. सासू म्हणते, "अवो म्याडम, हिले एकडाव नीट तपासून टाका. सहा वर्सं झाले लग्नाले." मी विचारते, "नवऱ्याचा रिपोर्ट कुठाय?" सासू माझ्याकडे बघत राहते. "त्याले कायले? तो त चांगला धडधाकट हाये. क्विंटलाचं पोतं उचलते." बाई काही बोलत नाही. फाइलची लोखंडी क्लिप नखानं उघडत-मिटत राहते. नवरा बाहेर मोटारसायकलवर बसलेला असतो.

हे एका घरचं नाही. घरं बदलतात, जात बदलते, पैसा कमीजास्त असतो, फाइल तीच असते. आणि त्या फाइलमध्ये नवऱ्याचा एक कागद नसतो.

जगभरातल्या डॉक्टरांचा अनुभव असा की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या ठिकाणी कारणात पुरुषाचा भाग असतो. कधी एकट्या पुरुषाचा, जास्त वेळा दोघांचा मिळून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं की दर सहा माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. म्हणजे या सभागृहात अशी घरं आहेतच. वर्षभर एकत्र राहून, कुठलंही साधन न वापरता दिवस राहिले नाहीत तर तपासणी करायची असते. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. आणि ती दोघांची एकाच वेळी करायची असते.

तुम्ही शेतकरी आहात, त्यामुळे हे तुम्हाला मी काय समजवावं. मे महिन्यात घरचं सोयाबीन पेरायचं ठरवलं की तुम्ही काय करता? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळता, पाणी शिंपडत राहता, आठवड्यानं उघडून कोंब मोजता. सत्तर उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. कमी उगवले तर पेरणीचं प्रमाण वाढवता किंवा बियाणं बदलता. उगवण तपासल्याशिवाय कोणी जमिनीला नावं ठेवत नाही. घरात मात्र आपण सहा वर्षं जमीनच खणत बसतो. ही उपमा काही माझी नाही. सुश्रुतानं गर्भ राहायला ऋतू, क्षेत्र म्हणजे जमीन, अंबू म्हणजे पाणी आणि बीज अशा चार गोष्टी लागतात असं सांगितलं, आणि शारीरस्थानाच्या ज्या अध्यायात ते आहे त्याची सुरुवातच पुरुषाच्या वीर्यातल्या दोषांपासून केली. आपल्या परंपरेनं पुरुषाला वगळलेलं नव्हतं.

मग धडधाकट नवऱ्यात दोष असू शकतो तो कसा? इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळा घोळ इथेच आहे.

अंडकोशात दोन वेगळी कामं चालतात. एका प्रकारच्या पेशी पुरुषी संप्रेरक तयार करतात. दाढी-मिशी, आवाज, स्नायू, इच्छा, ताठरता हे सगळं त्यावर. दुसरीकडे, केसासारख्या बारीक नळ्यांत शुक्राणू तयार होतात. पहिलं काम उत्तम चालू असताना दुसरं पूर्ण बंद असू शकतं. वीर्य म्हणून जे बाहेर येतं त्यातला बहुतेक द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा असतो. अंडकोशातून आलेला भाग त्यात पाच टक्क्यांच्याही आत. म्हणून वीर्य दाट की पातळ, कमी की जास्त, यावरून आत शुक्राणू आहेत की नाहीत हे कुणालाच कळत नाही, मलाही नाही. संबंध व्यवस्थित आहेत, ताकद आहे, पोतं उचलता येतं, आणि काउंट शून्य, असे पुरुष मी पाहिलेत. आणि अगदी किरकोळ प्रकृतीच्या माणसाला चार लेकरं असतात.

मर्दानगी आणि काउंट यांचा संबंध नाही. हे वाक्य मी दवाखान्यात इतक्या वेळा बोलते, तरी ते पुन्हा बोलावंसं वाटतं. नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो तो आळसानं नाही. तो घाबरलेला असतो. त्याला वाटतं, आत गेलो आणि रिपोर्ट खराब आला तर गाव आपल्याला पुरुष म्हणणार नाही. या भीतीवर मोठा धंदा उभा आहे. पुसदपासून अकोल्यापर्यंत रस्त्याकडेच्या भिंती बघा. धातू जाणं, गुप्तरोग, गॅरंटीनं इलाज. शुक्राणू एकदाही मोजलेले नसताना पोरांच्या हातात हजारोंच्या पुड्या दिल्या जातात. तो पैसा जातो तो जातो, त्यासोबत वर्षंही जातात. इकडे बायकोचं वय वाढत असतं, आणि बाईच्या बीजांचं वय थांबत नाही.

१६७७ साली, शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयावर होते तेव्हा, तिकडे हॉलंडमध्ये लेवेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्याचा थेंब बघितला आणि त्यात हलणारे जीव पाहिले. साडेतीन शतकं होत आली. तेच आपण आजही करतो, फक्त मोजून. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, लॅबनं दिलेल्या स्वच्छ डबीत सगळं वीर्य घ्यायचं, थेंबही सांडू द्यायचा नाही, घरून आणत असाल तर अंगाच्या उबेत ठेवून तासाच्या आत पोचवायचं. ना सुई, ना भूल, ना टाके. खर्च काही शे रुपयांचा. बायकोच्या फाइलमधल्या कुठल्याही कागदाहून ही तपासणी सोपी आहे, आणि तीच सगळ्यात शेवटी होते.

एकदा एक नवरा असा बाहेरच बसला होता, त्याला मी आत बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. काचेवर बारीक चौकोन आखलेले असतात. काही शुक्राणू चौकोन ओलांडून सरळ पुढे जात होते, काही जागच्या जागी गोल फिरत होते, बरेच निपचित पडले होते. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे सारे माहे?" त्याचा काउंट कमी होता. पण त्या दिवसापासून तो प्रत्येक वेळी बायकोसोबत आत आला. भीती ज्याची होती ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापानुसार वीर्य निदान १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये निदान १ कोटी ६० लाख शुक्राणू, आणि त्यातले ३० टक्के पुढे जाणारे, ही खालची रेघ धरतात. रेघेखाली गेलात म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, आणि वर आहात म्हणजे होईलच असंही नाही. एका रिपोर्टवर निकाल लावू नका. ताप येऊन गेला असेल तरी काउंट पडतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. आजच्या डबीत जे आहे ते दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचं फळ आहे. म्हणून कुठलंही औषध असो की सोडलेलं व्यसन, त्याचा गुण बघायला तीन महिने द्यावे लागतात.

आणि डॉक्टरनं नुसता रिपोर्ट वाचून भागत नाही, पुरुषालाही हात लावून तपासावं लागतं. अंडकोशाच्या शिरा फुगणं हे सगळ्यात जास्त आढळणारं, बऱ्याच वेळा दुरुस्त होणारं कारण. माणूस उभा असताना, बहुधा डाव्या बाजूला, ते बोटांना कळतं. लहानपणी अंडकोश खाली उतरलेला नसणं हे दुसरं. मायबहिणींनो, पोराला आंघोळ घालताना दोन्ही गोळ्या हाताला लागतात का बघा. सहा महिन्यांनंतरही लागत नसतील तर डॉक्टरकडे न्या, वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. तिसरं गालगुंड. वयात आलेल्या मुलाला ते झालं तर कधी कधी सूज अंडकोशात उतरते आणि शुक्राणूंचं काम बिघडतं. सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेला आहे, गालगुंड नाही. क्षयरोग नळी बंद करू शकतो. मधुमेहात वीर्य उलटं मूत्राशयात जाऊ शकतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या, जिमला जाणाऱ्या पोरांनो, अंग भरावं म्हणून कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर ती घेऊ नका. बाहेरून संप्रेरक मिळालं की शरीर आतलं काम थांबवतं आणि शुक्राणू बंद होतात. बाहेरून मर्द दिसण्यासाठी घेतलेलं औषध बाप होण्याची वाट अडवतं.

खर्ऱ्याचं सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात. तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी आढळतात, हे आपल्या देशातल्या पुरुषांवरच्या अभ्यासातही दिसलं आहे. कॅन्सरची भीती घातली तर तरुण पोरगा हसतो, कारण ते त्याला म्हातारपणीचं वाटतं. मुलाची ओढ मात्र आजची असते. त्या ओढीनं खर्रा सोडलेले नवरे मी पाहिलेत.

आता फवारणीचं. १९७७ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लेथ्रोप गावच्या एका कारखान्यातले कामगार जेवणाच्या सुट्टीत बोलत बसले होते. तिथं जमिनीतल्या सूत्रकृमींना मारणारं डीबीसीपी नावाचं औषध तयार व्हायचं. बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं की बऱ्याच दिवसांत आपल्यापैकी कुणालाच मूल झालेलं नाही. त्यांनी आपल्या युनियनला सांगितलं, वीर्यतपासणी करून घेतली. कित्येकांचा काउंट शून्य किंवा शून्याजवळ निघाला. याच औषधानं प्राण्यांचे अंडकोश सुकतात हे १९६१ सालीच छापून आलेलं होतं. कामगारांना कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत अमेरिकेत त्याचा बहुतेक वापर बंद झाला. मला या हकिकतीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की शोध लागला तो पुरुष आपापसात खरं बोलले म्हणून. प्रत्येकानं आपली गोष्ट लपवली असती तर प्रत्येकाच्या घरी बायकोच दवाखान्याच्या चकरा मारत राहिली असती.

आपल्याकडे कापूस, तूर, सोयाबीनवर जी औषधं फवारतात त्यातल्या प्रत्येकाचा शुक्राणूंवर काय परिणाम होतो हे मी आज छातीठोक सांगणार नाही. काहींबद्दल अभ्यासातून शंका पुढे आली आहे. पण २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. जे अंगातून रक्तात जातं ते अंडकोशापर्यंतही जातं. उघड्या अंगानं, वाऱ्याच्या तोंडाला, पाठीवर गळका पंप घेऊन फवारू नका. आणि मूल होत नाही म्हणून डॉक्टरकडे जाल तेव्हा काय काम करता, काय फवारता हे स्वतःहून सांगा. भट्टीपुढे उभं राहणं, तासन् तास गरम इंजिनावर बसून गाडी चालवणं, हेही सांगा. अंडकोश शरीराबाहेर आहे तो त्याला शरीराहून दोन-तीन अंश थंडावा लागतो म्हणून.

महाराष्ट्रात हे उघड बोलण्याची किंमत एका माणसानं आयुष्यभर मोजली. रघुनाथ धोंडो कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि या कामापायी त्यांची नोकरी गेली. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, तोट्यात, पत्नी मालतीबाईंच्या साथीनं. वाचक पत्रानं जे प्रश्न विचारत, दुसरीकडे कुठेच विचारता येत नव्हते असे, त्यांना ते सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांबद्दल १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला, दंड झाला, आणि कर्व्यांनी पुढचा अंक काढला. मूल हवं त्या वेळी होऊ देणं हे दोघांच्या ज्ञानाचं काम आहे, एकट्या बाईच्या नशिबाचं नाही, असं ते सांगत राहिले. आज जवळपास शंभर वर्षांनी त्यांच्या महाराष्ट्रात, एका गावच्या सभागृहात मी निर्धास्तपणे 'वीर्य' हा शब्द उच्चारते आहे, तो त्यांच्या पुण्याईनं.

कर्वे मूल थांबवण्याबद्दल बोलत, मी मूल होण्याबद्दल बोलते आहे, पण गाठ एकच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या फेरीत, देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या फक्त ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन टाक्याविना, थोडक्या वेळात होतं. बाईचं पोट उघडावं लागतं. १९७६ ची आणीबाणीतली सक्ती लोकांच्या मनात बसली हे खरं, त्या वर्षी काही लाख नव्हे, अर्ध्या कोटीहून जास्त पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. ती जबरदस्ती चुकीचीच होती. पण तिला आता पन्नास वर्षं होत आली. मूल होत नाही, बाईला तपासा. मूल नको, बाईला कापा. दोन्ही वेळा टेबलावर तीच.

आता ज्यांचा रिपोर्ट 'निल' आला आहे त्यांच्यासाठी, कारण अशी माणसं इथं असतील आणि ती माझ्या नजरेला नजर देणार नाहीत. शून्य म्हणजे शेवट नव्हे. आधी दुसरा रिपोर्ट, मग संप्रेरकांची रक्ततपासणी, गरज पडली तर गुणसूत्रांची. आत शुक्राणू तयार होतात पण वाट बंद आहे, असं असेल तर अंडकोशातून सुईनं ते काढता येतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. पुढे १९९२ मध्ये ब्रसेल्समधून एकच शुक्राणू बीजात सोडण्याची पद्धत जगापुढे आली, आणि ज्या पुरुषांना पूर्वी 'नाही' एवढंच उत्तर होतं त्यांच्यातले कितीतरी बाप झाले. पण हे लाखांचं काम आहे आणि दर वेळी यश येत नाही. साध्या तपासण्या झाल्याशिवाय, पुरुषाला हात लावून बघितल्याशिवाय कोणी थेट त्या टेबलाकडे नेत असेल तर थांबा, दुसऱ्या डॉक्टरला विचारा. वावर विकण्याआधी तर नक्कीच विचारा.

आत शुक्राणूच नसतील तर दात्याचं वीर्य आणि दत्तक असे दोन मार्ग उरतात. २०२१ च्या कायद्यानुसार दात्याचं नाव गुप्त राहतं, एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला मिळतं, आणि जन्मलेलं मूल कायद्यानं त्या जोडप्याचंच. त्यासाठी नवरा-बायको दोघांच्या लेखी सह्या लागतात. कधी कधी सासूबाई कानात येऊन सांगतात, "त्याले नका सांगू, गुपचूप करून टाका." पोराचं मन मोडू नये म्हणून ती माउली बोलते, मला कळतं. पण ते होणार नाही. त्याला सांगावंच लागेल. त्याला खुर्चीवर बसवून, बायकोच्या शेजारी. हे ऐकताना नवरे रडतात. बायका धीर देतात. मी तेवढा वेळ गप्प बसते.

आणि एक सांगते, ते दुसऱ्या लग्नाबद्दल. पहिलीला मूल झालं नाही म्हणून दुसरी करण्याची बोलणी ज्या घरात चालू असतील त्या घराला माझी हात जोडून विनंती आहे. कुणाच्या मुलीला मागणी घालण्याआधी त्या मुलाचा रिपोर्ट काढा. मुलीच्या बापानं तो मागून घ्यावा. त्यात कसलाही अपमान नाही.

आता प्रश्न. मागच्या बाजूला कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत, नाव लिहायची गरज नाही. बायका मला एरवीही दवाखान्यात भेटतात, म्हणून आज पहिल्या चिठ्ठ्या पुरुषांच्या घेईन. सगळ्या संपेपर्यंत मी इथेच आहे.